दोन पॉइंट गार्ड एकत्र खेळवायचे का? हातात बॉल नसलेल्याकडे आधी बघा

धुळ्याच्या एका पोराने प्रश्न पाठवलाय. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधे पॉइंट गार्ड (म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा) खेळतो, पहाटे उठून अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या मॅच बघतो. विचारतो, "सर, प्रोफेशनल टीम दोन-दोन पॉइंट गार्ड एकत्र उतरवतात ते खरंच चालतं का, की दोघांचं नाव मोठं म्हणून बसवता येत नाही आणि खेळवतात? आमचे सर म्हणतात एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बॉल तर एकच असतो. आमच्याकडे मी आणि अजून एक जण, दोघंही पॉइंट गार्ड, त्यामुळे एक जण कायम बाकावर."

मी स्वतः बारा-तेरा वर्षं पॉइंट गार्ड खेळलो आणि आता अठरा वर्षं झाली भुसावळ-जळगावकडच्या पोरांना शिकवतोय, त्यामुळे हा प्रश्न मला दर सीझनला कोणीतरी विचारतंच. जरा सविस्तर लिहितो.

चालतं. चांगलं चालतं. पण लोक ज्या बाजूने बघतात ती बाजूच चुकीची आहे. सगळे विचारतात बॉल कोण आणणार, प्ले कोण लावणार, लीडर कोण. ते दोन दिवसांत ठरतं. खरा प्रश्न असा की ज्याच्या हातात त्या वेळी बॉल नाही तो काय करतोय, आणि समोरच्या टीमचा कोणता माणूस तो अंगावर घेऊ शकतो. जोडी टिकते ती या दोनवर आणि मोडते तीही यावरच.

साधा हिशोब कर. आपली मॅच ४० मिनिटांची. त्यात बॉल आपल्याकडे साधारण निम्मा वेळ, म्हणजे वीसेक मिनिटं. लहानपणापासून ज्याला बॉल हातात ठेवायची सवय आहे अशा पोराला दुसऱ्या पॉइंट गार्डसोबत उतरवलं तर या वीसातली बरीचशी मिनिटं तो बॉलशिवाय असणार. आणि आपल्याकडे कोणत्याच पोराला हे शिकवलेलं नसतं की बॉलशिवाय पॉइंट गार्डने करायचं काय. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, टाचा टेकलेल्या, हात कमरेवर, आणि बॉलकडे बघत बसतो. त्याचा डिफेंडर मग त्याला सोडून सरळ पेंटमधे, म्हणजे रिंगसमोरच्या चौकोनात जाऊन बसतो, आणि ज्याच्या हातात बॉल आहे त्याला आत शिरायला जागाच उरत नाही. म्हणजे दोन तलवारी म्यानात भांडत नाहीयेत, एक तलवार नुसती कोपऱ्यात टेकवून ठेवलीय.

फिनिक्स सन्सचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो कारण एकाच टीमने हे सगळं दीड-दोन वर्षांत दाखवलं. २०१३-१४ ला त्यांनी गोरान ड्रागिच आणि एरिक ब्लेडसो हे दोन पॉइंट गार्ड सोबत खेळवले. आदल्या सीझनला ही टीम २५ मॅच जिंकली होती, या सीझनला ४८ जिंकली, आणि तेही ब्लेडसो गुडघ्यामुळे जवळपास निम्मा सीझन बाहेर असताना. वेस्टमधे, म्हणजे लीगच्या पश्चिम गटात, इतकी चुरस होती की ४८ जिंकूनही प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) हुकला, पण ड्रागिचला त्या वर्षी मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेयरचा अवॉर्ड मिळाला. का जमलं? कारण दोघंही पळणारे होते. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) ज्याच्या जवळ पडेल तो घेऊन सुटायचा आणि दुसरा समोरच्या विंगवर, म्हणजे कोर्टच्या कडेला, आधीच पोहोचलेला असायचा, त्यामुळे समोरच्यांना आपला माणूस शोधायलाच वेळ मिळत नव्हता. मग २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिसरा पॉइंट गार्ड आणला, आयझेया थॉमस. कागदावर तर लय भारी. पण आता ड्रागिचसारखा माणूस, ज्याने आदल्या वर्षी टीम ओढली होती, तो कोपऱ्यात उभा राहायला लागला, नाराज झाला, आणि फेब्रुवारी २०१५ ला ड्रागिच मायामीला गेला, थॉमस बॉस्टनला. म्हणजे दोघं असताना जे जमलं ते तिसरा आल्यावर विस्कटलं. माणसं चांगलीच होती, पण बॉलशिवायची कामं वाटून दिलेली नव्हती.

आता डिफेन्सचं. इथे माझं मत जरा कडक आहे. अटॅकमधली अडचण प्रॅक्टिसने सुटते, डिफेन्सची नुसत्या प्रॅक्टिसने सुटत नाही, तिथे माणूसच तसा लागतो. २०१८ च्या प्लेऑफची पहिली फेरी आठव, पोर्टलंड विरुद्ध न्यू ऑर्लिन्स. मला विचारशील तर या विषयावर यापेक्षा चांगला धडा नाही, कारण दोन्ही टीम दोन-दोन गार्डच्या होत्या. पोर्टलंडकडे डेमियन लिलार्ड आणि सीजे मॅकॉलम, ६ फूट २ आणि ६ फूट ३, दोघंही बॉल हातात घेऊन स्कोर करणारे, दोघंही शूटर. न्यू ऑर्लिन्सकडे राजॉन रॉन्डो आणि ज्रू हॉलिडे. रॉन्डोचा बाहेरचा शॉट कधीच भरवशाचा नव्हता. नुसती नावं वाचून कोणीही पोर्टलंडला पुढे ठेवलं असतं, गटाच्या क्रमवारीत ते तिसरे होते आणि हे सहावे. आणि सिरीज झाली ४-०, न्यू ऑर्लिन्सच्या बाजूने.

बघ काय झालं. लिलार्ड स्क्रीन घेऊन (म्हणजे सोबतचा खेळाडू डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा करून) वर आला की त्याच्यावर दोघं धावून जायचे, बॉल त्याच्या हातातून काढून घ्यायचे, म्हणजे चोरायचा नाही, पास करायला लावायचा. आणि दोघांचा हा ट्रॅप नसेल तेव्हा हॉलिडे एकटा त्याच्या छातीला छाती लावून. हॉलिडे स्वतः मूळचा पॉइंट गार्ड, फिलाडेल्फियाला असताना २०१३ ला ऑलस्टार झालेला. रॉन्डोसोबत खेळताना बॉल आणायचं काम रॉन्डोने घेतलं आणि हॉलिडे मोकळा झाला, अटॅकमधे बॉलशिवाय रिंगकडे कट मारायला आणि डिफेन्समधे समोरच्या सगळ्यात भारी गार्डला धरायला. चौथ्या मॅचमधे त्याने ४१ पॉइंट केले, अँथनी डेव्हिसने ४७. म्हणजे जो रॉन्डो शूट करत नाही म्हणून जोडी चालणार नाही असं वाटतं, तीच जोडी चालली, कारण दुसरा माणूस दोन्ही कामं करणारा होता आणि रॉन्डो इतक्या जोरात बॉल पुढे ढकलायचा की समोरचा डिफेन्स सेट व्हायच्या आतच शॉट पडलेला असायचा. आणि पोर्टलंडचे दोघं एकमेकांसारखेच. एक थांबला की दुसरा तेच करणार जे पहिला करत होता, आणि समोरचा उंच विंग (कडेने खेळणारा खेळाडू) आला तर दोघांपैकी कोणीच त्याला धरू शकत नाही. तरी ती जोडी वाईट नव्हती हां, पुढच्याच वर्षी २०१९ ला वेस्टच्या फायनलपर्यंत गेली. पण तिथे गोल्डन स्टेटने ४-० केलं, आणि शेवटी फेब्रुवारी २०२२ ला मॅकॉलमला ट्रेड केलं, तेही न्यू ऑर्लिन्सलाच.

आपल्याकडे पोळ्याला बैलजोडी बघायला जातो तेव्हा म्हातारी माणसं म्हणतात, दोघांची चाल सारखी पाहिजे, नाहीतर जू एका बाजूला ओढलं जातं. गार्डच्या जोडीचं नेमकं उलट आहे. दोघांची चाल वेगळी पाहिजे.

डेट्रॉइट पिस्टन्स बघ, १९८९ आणि १९९० चे चॅम्पियन. आयझेया थॉमस (फिनिक्सचा तो नाही, हा त्याच नावाचा जुना खेळाडू) ६ फूट १, जो ड्युमार्स ६ फूट ३, म्हणजे आजच्या हिशोबाने दोघंही बुटकेच. आयझेया खेळ चालवायचा, आणि ड्युमार्स मायकल जॉर्डनला धरायचा, बॉलशिवाय स्क्रीनमागून निघून शॉट घ्यायचा आणि गरज पडली तर बॉलही आणायचा. १९८९ चा फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलमधला सगळ्यात भारी खेळाडू, ड्युमार्स, १९९० चा आयझेया. एकाच जोडीतून दोन वर्षांत दोन एमव्हीपी. कोणाची तलवार गंजली यातली?

ह्यूस्टनचंही सांगतो कारण तू बहुतेक तेच डोक्यात धरून विचारतोयस. २०१७ ला क्रिस पॉल हा पॉइंट गार्ड आला तेव्हा सगळे म्हणाले त्यांचा जेम्स हार्डन तर आता स्वतःच पॉइंट गार्ड झालाय, आदल्या सीझनला लीगमधे सगळ्यात जास्त असिस्ट (बास्केट करून देणारे पास) त्याचेच होते, दोघांचं कसं जमणार. २०१७-१८ ला ६५ मॅच जिंकले, लीगमधे नंबर एक. कोच डी'अँटोनीने केलं काय तर दोघांना सुरुवातीला आणि शेवटी सोबत ठेवलं, आणि मधल्या वेळात एक बसला की दुसरा आत, म्हणजे ४८ मिनिटांत अशी वेळ जवळपास यायचीच नाही की कोर्टवर खेळ चालवणारा माणूस नाही. दोन पॉइंट गार्ड ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच आहे, आणि लोक याच्याबद्दल बोलतच नाहीत. सोबत किती मिनिटं खेळले ते सगळे मोजतात, अरे पण जेव्हा ते वेगळे खेळतात तेव्हा समोरच्याचा बॅकअप गार्ड तुझ्या स्टार्टरच्या तावडीत सापडतो ना. त्या वर्षी वेस्टच्या फायनलमधे ह्यूस्टन गोल्डन स्टेटच्या पुढे ३-२ होतं, पाचव्या मॅचच्या शेवटी पॉलची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावली, पुढच्या दोन्ही मॅच तो नाही, आणि सातव्या मॅचमधे ह्यूस्टनने सलग २७ थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मिस केले. सगळा दोष पॉलच्या नसण्याला देत नाही मी. पण दमलेल्या हार्डनच्या हातातून बॉल घेऊन दोन-चार चाली शांतपणे चालवणारा दुसरा माणूस त्या दिवशी नव्हता, हे मॅच बघताना कळत होतं.

छोट्या गार्डला शिकार कसं करतात ते पण समजून घे, कारण तुम्ही दोघं उतरलात की समोरचा हुशार कोच हेच करणार. ज्या छोट्या गार्डला त्यांना पकडायचंय, त्याच्या माणसाला ते स्क्रीन लावायला पाठवतात, डिफेन्सने स्विच केलं, म्हणजे आपापली माणसं बदलून घेतली की छोटा गार्ड त्यांच्या सगळ्यात भारी स्कोररसमोर येतो. २०१६ च्या फायनलची सातवी मॅच, शेवटचं मिनिट, क्लीव्हलंडने असंच स्क्रीन लावून गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनच्या जागी स्टेफ करीला कायरी अर्व्हिंगसमोर आणलं आणि कायरीने त्याच्या डोक्यावरून थ्री टाकला. ९२-८९. करीसारख्या माणसाला शिकार करतात तर तुला-मला सोडतील का.

यावर उपाय उंची नाही, आपल्या पोरांची उंची काही रातोरात वाढणार नाही. २०११ च्या फायनलमधे डॅलस १-२ ने मागे होतं आणि चौथ्या मॅचपासून त्यांनी जेजे बरेयाला स्टार्ट केलं, जेसन किडसोबत. बरेया म्हणजे त्या कोर्टवरचा सगळ्यात बुटका माणूस. पुढच्या तिन्ही मॅच डॅलस जिंकलं. हे परवडलं कारण किड तेव्हा ३८ वर्षांचा असला तरी अंगाने जाड, डोक्याने पुढचा, तो मायामीच्या ड्वेन वेड आणि लेब्रॉनसमोरही उभा राहायचा, आणि करिअरच्या शेवटी त्याने थ्री इतका सुधारला होता की त्याला कोपऱ्यात सोडून कोणी जाऊ शकत नव्हतं. म्हणजे जोडीतला एक जण छोटा चालतो, दुसऱ्याने आपल्या साइजच्या वरचा माणूस धरला पाहिजे. टोरोंटोचे काइल लाउरी आणि फ्रेड व्हॅनव्हलीट, दोघंही ६ फुटांच्या आसपास, २०१९ ला चॅम्पियन. तिथे दोघंही अंगावर यायला न घाबरणारे, व्हॅनव्हलीट करीच्या मागे सावलीसारखा, आणि मागे उंच लांब हातांचे लोक होते मदतीला. शेवटच्या मॅचमधे लाउरी २६, व्हॅनव्हलीट २२, त्यात पाच थ्री.

आता आपल्या कोर्टवरचं सांगतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, तुला माहितीये आपल्याकडचा मे, दुपारी सिमेंटच्या कोर्टवर पाय ठेवता येत नाही, म्हणून प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला. माझ्याकडे तेव्हा दोन पॉइंट गार्ड होते, एक बारावीतला, एक त्याच्यापेक्षा वर्षाने लहान. मोठा बॉल घेऊन स्क्रीनवरून आत शिरला, लहाना उजव्या कोपऱ्यात. मी प्ले थांबवला आणि सगळ्यांना म्हटलं, आहे त्या जागी उभे राहा, हलू नका. लहान्याचा डिफेंडर कुठे होता तर एक पाय पेंटमधे आणि पाठ लहान्याकडे. पाठ! म्हणजे त्याला खात्री होती की हा काही करणार नाही. मी लहान्याला विचारलं तू काय करी राहिला, तर म्हणे, "सर, बॉल येतच नाही ना, मंग तयार राहीसन काय करू?"

पोर खरं बोललं. मी त्याला तिथल्या तिथे दाखवलं, बॉल न देता. डिफेंडरची पाठ दिसली की बेसलाइनवरून दोन पावलं रिंगखाली घूस, बस. तो घुसला, डिफेंडर दचकून मागे वळला, आणि मोठ्यासमोरचा रस्ता उघडला. लेअप, रिंगजवळचा सोपा शॉट. लहान्याला बॉल लागलाच नाही तरी तो बास्केट त्याचा होता, आणि मोठ्याने पळत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा त्याला कळलं. दुसऱ्या वेळी डिफेंडर शहाणा झाला, तोंड लहान्याकडे करून उभा राहिला, मग आत मदतीला कोणीच नाही. तिसऱ्या वेळी तो अर्धवट आत आला, बॉल कोपऱ्यात आला, आणि इथे पॉइंट गार्ड असण्याचा फायदा बघ. नुसता शूटर असता तर शॉट घेतला असता, नाहीतर बॉल परत दिला असता. हा गुडघे वाकवून तयार होता, डिफेंडर धावत येताना त्याच्या पुढच्या पायाच्या बाजूने एक ड्रिबल टाकून आत शिरला आणि समोरच्या कोपऱ्यात पास. डिफेन्स एकदा हलला, मग दुसऱ्यांदा हलला, आणि दुसऱ्यांदा हललेला डिफेन्स सहसा सावरत नाही. दोन पॉइंट गार्ड का, याचं माझं उत्तर या एका पासमधे आहे.

दुसरं म्हणजे प्रेस. एका जिल्हास्तरीय सेमीफायनलला मी एकच गार्ड घेऊन उतरलो, उंचीच्या मोहात पडून, आणि समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आमच्याच अर्ध्यापासून अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली. माझ्या गार्डवर दोघं, बाकी कोणाला बॉल धड हाताळता येईना, पहिल्या क्वार्टरमधे दोनदा ८ सेकंदांत बॉल मिडलाइनच्या पुढे गेलाच नाही. दुसरा गार्ड आत घेतला आणि प्रेस पाच मिनिटांत बंद झाला, कारण एकावर दोघं गेले की दुसरा मधोमध मोकळा, आणि त्याला बॉल मिळाला की तो समोर बघून खेळतो, घाबरून मागे वळत नाही. त्या दिवसानंतर शेवटची पाच मिनिटं मी कायम दोन गार्डच ठेवतो. फाउल मारून थांबवायचं म्हटलं तरी समोरच्याला दोघांपैकी एकाला फ्री थ्रो द्यावाच लागतो.

तुमच्या टीमसाठी आता. तुमच्या सरांशी वाद घालू नको, त्यांची शंका खोटी नाही, त्यांनी बहुतेक जोड्या अशाच बघितल्या असतील जिथे दुसरा पोरगा कोपऱ्यात झोपलेला. त्यांना एवढंच म्हण की सर, प्रॅक्टिसच्या शेवटी दहा मिनिटं आम्हा दोघांना एका बाजूने खेळवून बघा. त्याआधी तुम्ही दोघांनी एकत्र बसून प्रामाणिकपणे ठरवा की थांबून मारलेला शॉट कोणाचा चांगला, ड्रिबल करून नाही, नुसता पकडला आणि मारला. त्याने बॉलशिवाय जास्त राहायचं. मग ठरवा की समोरचा तगडा विंग कोण धरणार. दोन्हीची उत्तरं "मी नाही, तू" अशी आली तर तुमची जोडी सुरुवातीला सोबत उतरवू नका, आलटून पालटून खेळा, त्यातही टीमचा फायदाच आहे.

एक प्ले देतो, सोपा आहे. तू साइडलाइनच्या कडेने बॉल आणायचा, दुसरा आधीच त्याच बाजूच्या विंगवर. त्याच्याकडे पास टाकून त्याच्या मागून पळत जायचं, जणू बॉल परत घेतोयस. तुझा डिफेंडर मागे राहिला तर त्याने तुला बॉल हातात द्यायचा आणि तू सरळ रिंगकडे. डिफेंडर पुढे घुसला तर त्याने बॉल ठेवायचा, तू कोपऱ्यात जायचं, आणि तुमचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) वर येऊन त्याला स्क्रीन देईल. दोघांनी दोन्ही जागी खेळायचं, रोज वीस वेळा, दहा तू बॉल आणून आणि दहा तो आणून. आणि कोपऱ्यात गेल्यावर टाचा टेकल्या की ती फेरी मोजायची नाही, परत करायची. पंधरा दिवस करा, एकाला फोनवर शूट करायला सांगा आणि मला पाठवा. मी बॉल बघणार नाही, कोपऱ्यातल्या माणसाचे पाय बघणार.